स्वित्झर्लंडची उदाहरणं देणं आधी बंद करा

आमच्या फॅमिली ग्रुपवर एप्रिलपासून हिंदी चालू आहे. म्हणजे हिंदीत नाही, हिंदीवरून. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर निघाला, मग सक्ती नाही म्हणाले, मग १७ जूनला "सर्वसाधारणपणे हिंदी" असा सुधारित जीआर आला, दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात वीस पोरं गोळा करून दाखवा, मग २९ जूनला दोन्ही जीआर रद्द आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे एका स्टेजवर. मी हे सगळं म्युनिकमध्ये रात्री डिशवॉशर लावता लावता बघत होतो. आणि मग आमच्या नाशिकच्या दादाने, म्हणजे सख्ख्या आतेभावाने टाकलं, "अरे स्वित्झर्लंडमध्ये पोरं चार चार भाषा शिकतात, आपल्याच पोरांना तीन जड होतात का?" खाली अंगठ्यांची रांग. मामांचा पण अंगठा, जे स्वतः आयुष्यभर मराठीचे मास्तर होते!

माझी सटकली. एकतर गेली बरीच वर्षं बघतोय, भारतात काहीही सिद्ध करायचं असलं की युरोप काढायचा आणि युरोपात राहणारा माणूस काही बोलला की "तुला तिकडे बसून काय जातं बोलायला". दोन्ही एकाच तोंडाने. आणि दुसरं म्हणजे मी त्याच आठवड्यात स्वित्झर्लंडला जायचीच तयारी करत होतो.

कराडच्या हॉस्टेलवर आम्ही तिघे एका खोलीत होतो. एक आता स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला असतो, दुसरा तिथेच बिएलला, घड्याळांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. आम्ही बायरनवाले (म्हणजे बव्हेरिया) सुट्टीच्या बाबतीत कायम शेवटी, ३१ जुलैला शाळा संपली, १ ऑगस्टला सकाळी गाडी काढली. ब्रेगेंझच्या बोगद्यात नेहमीचा श्टाऊ, म्हणजे ट्रॅफिक जॅम, मग चाळीस फ्रँकची विन्येट, म्हणजे हायवे टोलचं स्टिकर (वर्षभराचीच घ्यायची, चार दिवस जायचं असलं तरी, असो). विंटरथूरला पोचलो तर त्यांचा राष्ट्रीय दिवस, सगळीकडे फटाके. आमचे बिएलवाले आधीच येऊन बसले होते, पण तो तोंड पाडून, कारण त्याच दिवशी बातमी आली होती की ट्रम्प स्विस मालावर ३९ टक्के आयातशुल्क लावणार. कराडचे तीन इंजिनियर बाल्कनीत भडंग खात अमेरिकन टॅरिफवर बोलतायत, वीस वर्षांपूर्वी आम्ही मेसच्या बिलावर असेच बोलायचो.

तर चार भाषा. दादा, स्विस माणसाला चार भाषा येत नाहीत रे. देशाला चार आहेत. साठेक टक्के लोक जर्मनवाले, वीस-बावीस टक्के फ्रेंच, मग थोडे इटालियन आणि चौथी रोमान्श, जी अर्धा टक्का लोक बोलतात आणि ती सुद्धा एका ग्राऊब्युंडेन कॅन्टनच्या (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) डोंगरात. शाळेत सरसकट चार कुणी शिकवत नाही. विंटरथूरच्या पोरीला आधी इंग्रजी, पाचवीपासून फ्रेंच. बिएल बर्न कॅन्टनमध्ये येतं, तिथल्या जर्मन शाळांत तिसरीपासून फ्रेंच आणि पाचवीपासून इंग्रजी. म्हणजे एकाच देशात, गाडीने दीड-दोन तासांवर, क्रम उलटा, आणि तो कॅन्टनने ठरवलेला, बर्नहून केंद्र सरकारने जीआर काढून नाही. आणि पहिलीत? पहिलीत पोरांना आधी एकच भाषा धड लिहायला शिकवतात. आता टाक हे ग्रुपवर.

मी टाकलं. चांगलं लांबलचक. दादाने उत्तर दिलं, "पण दुसरी राष्ट्रीय भाषा शिकतात ना सक्तीने?" यावर मी जरा गप्प बसलो कारण ते खरं आहे. पण विंटरथूरवाल्यालाच विचारलं तर तो म्हणाला अरे इथे पण तेच भांडण चालू आहे, फ्रेंच प्राथमिकला नको, पोरांना झेपत नाही, मास्तर मिळत नाहीत. आम्ही परत आल्यावर सप्टेंबरमध्ये झुरिक कॅन्टनच्या सभागृहाने फ्रेंच प्राथमिकमधून काढून पुढे ढकला असं मंजूर पण केलं, तिकडे फ्रेंचवाले चिडले आणि बर्नचं केंद्र सरकार कायद्याची भाषा करायला लागलं. एकदम आपल्यासारखं, फक्त पुतळे जाळले नाहीत. मी यातून माझ्या सोयीचं तेवढंच ग्रुपवर टाकलं, की बघा, स्विस लोकांनी पण भाषा पुढे ढकलली. बर्नचं नाही टाकलं. दादा तरी कुठे सगळं टाकतो.

तर ऑगस्टमध्ये विंटरथूरहून आम्ही पुढे बिएलला गेलो. ते गाव बघण्यासारखं आहे. पाट्या सगळ्या दोन भाषांत, गावाचं अधिकृत नावच बिएल/बिएन. दुकानात जो आधी तोंड उघडेल त्याच्या भाषेत बोलणं सुरू, समोरचा मुकाट्याने त्या भाषेत येतो. मला हे फार आवडलं. मला पुणे स्टेशनवर रिक्षावाल्याशी आपण मराठी माणसंच आधी हिंदीत का सुरू होतो हे आठवलं, आणि मी बायकोला ते ऐकवलं, तर ती म्हणाली तू काल रात्रभर हिंदीतच बोलत होतास. होतो. विंटरथूरवाल्याची बायको कानपूरची, त्यांच्या घरात हिंदी, आणि माझी हिंदी म्हणजे "मेरेको भूक लगेली है" छाप, ती हसून हसून लाल. चार तास हिंदीत गप्पा मारल्या आणि मधल्या वेळात बाथरूममध्ये जाऊन ग्रुपवर हिंदी सक्तीविरुद्ध टाईप केलं. यात मला काही चुकीचं वाटत नाही. वहिनींशी बोलायला आवडतं म्हणून बोलतो, पहिलीतल्या पोराच्या दप्तरात कोंबायचं म्हणून नाही.

पोरांचं सांगायचं राहिलं. आमचा सात वर्षांचा, घरात मराठी, बाहेर जर्मन, इंग्रजी तिसरीत सुरू होईल तेव्हा होईल. बिएलची सहा वर्षांची, तिला आईबापाने फ्रेंच शाळेत घातलंय, जर्मन अजून जेमतेम. विंटरथूरला मोठी ताई जर्मनमध्ये दादागिरी करत होती तोवर आमचा तिच्या मागे. पण बिएलला दोघंच राहिली आणि तळ्यावर पोहायला नेलं तर दोघांत सामाईक काय, तर मराठी. तीही कसली, "तू मला ढकललं ना, आता मी तुला ढकलणार आहे", सगळे र फ्रेंच नाहीतर बव्हेरियन. बाकीची पोरं बघतायत की ही कुठली भाषा. मी बापडा टॉवेल घेऊन कडेला उभा आणि सांगायला लाज वाटते पण मला इतकं भरून आलं की मी व्हिडिओ काढायचा विसरलो. काढला असता तर ग्रुपवर टाकला असता, ते पण खरं.

दादाने शेवटी मला जे विचारलं ते ग्रुपवर नाही, पर्सनलवर विचारलं. "तू मतदान कुठे करतोस?" मी काही बोललो नाही. जर्मन पासपोर्टचा अर्ज भरलेला आहे, ते द्यायला तयार आहेत आणि आता त्यांना जुना पासपोर्ट सोडायलाही नको, पण भारताला चालत नाही. म्हणजे मिळाला की ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, आणि त्या कार्डावर महाराष्ट्रात बरंच काही करता येतं, पण शेत विकत घेता येत नाही आणि मत देता येत नाही. पहिलीत काय शिकवायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यात मी नसणार. तरी तोंड घालतो, कारण तिथेच मराठी मागे पडली तर मी इथे दर शनिवारी कोणाच्या जीवावर पोराला ट्रॅमने मराठी शाळेला ओढत नेऊ? तिथे कोट्यवधी लोक मराठी बोलतात म्हणून इथे माझ्या घरात मराठी चालतेय. तिथल्यांना हे कळत नाही, त्यांना वाटतं आम्ही इथून गळा काढतो.

दादाची पोरगी पुढच्या वर्षी मास्टर्सला जर्मनीत येतेय. नाशिकला जर्मनचा क्लास लावलाय, परवा त्याने विचारलं बी-वन लेव्हल पुरेल का. म्हटलं पार्टटाइम नोकरी हवी असेल तर नाही पुरणार, त्याच्या पुढची बी-टू करायला सांग, आणि तिच्या बॅगेत जागा असेल तर बालभारतीची दुसरीची पुस्तकं दे, पार्सलने पाठवलं की कस्टमवाले अडवतात.