काना गेला

बासष्ट हजारांच्या लॅपटॉपवर साडेतीनशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड आडवा ठेवून ही पोस्ट लिहितेय. म्हशीवर बगळा बसल्यासारखं दिसतंय, पण इलाज नाही.

परवा संध्याकाळी माझा काना गेला. म्हणजे इंग्रजी ई चं बटण मेलं. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करणाऱ्यांना लगेच कळेल काय अनर्थ झाला ते. त्या बटणावर काना, आणि शिफ्ट धरला की आ. बाकीच्यांसाठी सांगते, बाबा लिहायला गेलं की बब उमटतं आणि आई लिहायला गेलं की नुसती ई. दिवाळी अंकाच्या चार कथा हातात आहेत, त्यातल्या एकीत नायकाचं नाव नारायण. तो परवापासून नरयण आहे.

चहा सांडला नाही, पोरांनी उपटलं नाही. मराठीत सगळ्यात जास्त बडवलं जाणारं बटण ते, झिजून गेलं बिचारं. चपलेचा अंगठा तुटला तर आपण कोपऱ्यावर शिवून घेतो. नवा पाय घ्या असं कोणी म्हणत नाही.

आज सर्व्हिस सेंटरला म्हणाले तसं. नाव लिहीत नाही, दुसऱ्या कंपनीचा तुमचा अनुभव काही वेगळा असेल असं नाही. एसी, सोफा, टोकन. अर्ध्या तासाने एक अतिशय सभ्य मुलगा आला. "मॅडम, कीबोर्ड सेपरेट येत नाही. टॉप कव्हरला रिवेटेड आहे. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." (म्हणजे वरच्या पत्र्यालाच गुंड्या वितळवून चिकटवलेला.) किती? ११,८०० जीएसटी धरून. पार्ट यायला दहा-बारा दिवस. तपासणीचे ५९० आत्ता भरा. म्हणजे ई चं बटण चालत नाही हे जे मी त्याला सांगितलं, तेच त्याने मला सांगितलं, त्याचे ५९०. आणि वर, "तसं मशीन अडीच वर्षं जुनं आहे मॅडम, एक्स्चेंजमध्ये बघा ना."

जुनं! माझ्याकडे प्रेशर कुकर याच्या आठपट जुना आहे. त्याची रिंग बदलते, शिट्टी बदलते, हँडल बदलतं. कुठल्याही भांड्यांच्या दुकानात.

२०१६ ची गोष्ट सांगते. काहींनी आधी ऐकली असेल, परत ऐका. माझा तो काळा जाडजूड लॅपटॉप, २०१३ चा. त्याच्या कीबोर्डवर मी स्वतःच्या हाताने चहाची अख्खी कपबशी पालथी घातली होती. माझे वडील, अप्पा, तेव्हा आमच्याकडे आलेले. अप्पा म्हणजे दापोडीच्या एसटी वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस, कॉम्प्युटरचा क पण माहीत नाही. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "अगं इथं चित्र काढलंय की." तळाला तीन स्क्रूंच्या शेजारी कीबोर्डचं इवलंसं चित्र होतं. तीन वर्षं वापरत होते, मला कधी दिसलं नव्हतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेआठशेचा कीबोर्ड आणला. जेवणाच्या टेबलावर, भांडं घासायच्या आत, अप्पांनी तीन स्क्रू काढले, कीबोर्ड उचलला, पट्टीसारखी केबल होती तिची क्लिप सोडवली, नवा लावला. संपलं. उरलेला वेळ त्यांनी पंख्यातली धूळ काढण्यात घालवला आणि मला आळशी म्हणाले.

त्याच लॅपटॉपची पुढे रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ४ जीबीची ८ केली, हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी टाकली. विंडोज १० चा सपोर्ट गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला संपला, तर भाच्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. आज अप्पा त्यावर कीर्तनं बघतात. तेरा वर्षांचं मशीन आहे, सोफ्यावर बसून चालू आहे.

आता भाचा वाद घालणार कमेंटमध्ये, म्हणून त्याचं आधीच लिहून टाकते. तो म्हणतो, मावशी, सगळंच काही लबाडी नसते. नव्या लॅपटॉपमधली रॅम बोर्डावर सोल्डर करतात, म्हणजे डाग देऊन कायमची जोडतात, कारण ती कमी व्होल्टेजवर आणि फार वेगाने चालते. प्रोसेसरपासून जितकी जवळ तितकी बरी, मध्ये स्लॉट आला की सिग्नल बिघडतो. ॲपलने २०२० मध्ये एम१ प्रोसेसर काढला तेव्हा रॅम थेट प्रोसेसरच्या शेजारी त्याच पॅकेजवर बसवली, आणि बॅटरी कशी टिकली ते जगाने पाहिलं. इतकंच काय, फ्रेमवर्क नावाची कंपनी, जिचा धंदाच मुळी "खोला आणि दुरुस्त करा" यावर उभा आहे, तिनेही २०२५ मध्ये जो डेस्कटॉप जाहीर केला त्यात रॅम सोल्डर केलेली. त्या प्रोसेसरबरोबर सुटी रॅम बसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही म्हणाले.

बरं. मानलं. रॅमचं मानलं.

(पूर्ण नाही मानलं. स्क्रूने बसणारी, चपटी, कमी वीज खाणारी रॅमपण निघाली आहे, २०२४ पासून एकदोन लॅपटॉपमध्ये येते. हेही भाच्यानेच सांगितलं होतं, आता सोयीस्कर विसरेल.)

आणि वजनाचंही मानते. जुना अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर. नवा सव्वा किलो. माझ्या उजव्या खांद्याला विचाराल तर तो डोळे मिटून नव्याला मत देईल.

पण मला सांगा, कीबोर्डला कुठला सिग्नल बिघडतो हो? मी बोटाने काना दाबते, काही प्रकाशाच्या वेगाने दाबत नाही. तीन स्क्रूंच्या जागी साठ-सत्तर प्लास्टिकच्या गुंड्या वितळवून चिकटवल्याने माझं टायपिंग किती जलद झालं? कीबोर्ड झिजणार, बॅटरी फुगणार, बिजागरी सैल होणार, चार्जिंगचं भोक ढिलं होणार. हे भाग मरणारच आहेत, हे कंपनीतल्या शिपायालाही ठाऊक आहे. नेमके तेच असे बसवायचे की काढताना शेजारचं चांगलं सामानही फेकावं लागेल? माझा टचपॅड ठणठणीत आहे. वरचा पत्रा ठणठणीत आहे. एका कान्यापायी सगळे भंगारात.

आणि घेतानाचं आठवलं की अजून डोकं फिरतं. ८ जीबी रॅम होती. मी विचारलं, पुढे वाढवता येईल ना? दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्हाला गरजच पडणार नाही." माझी गरज त्याला माझ्याआधी कळली. स्लॉटच नाही आत, हे त्याने सांगितलं नाही. चूक माझीही आहे, मी रंग बघत होते.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे दहापैकी गुण लावावे लागतात. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम येतोय. आपल्याकडे २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती झाली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. पण पोर्टल रिवेट काढत नाही.

तर सर्व्हिस सेंटरातून निघाले ती तडक तपकीर गल्लीत. तेच दुकान नाही, ते म्हातारे काका गेले. त्याच जिन्यावर आता एक पंचविशीतला मुलगा बसतो, समोर मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, आणि उघड्या पडलेल्या मदरबोर्डांची चळत. त्याने लॅपटॉप उघडला, आत बघितलं, म्हणाला, "ताई, होईल. रिवेट ब्लेडने छाटतो, नवा कीबोर्ड बसवतो, उरलेल्या खुंट्या सोल्डरिंगच्या टोकाने परत वितळवतो. १,९०० घेईन." मला इतकं बरं वाटलं की भाव करायचं विसरले. मग त्यानेच सांगितलं, "पण एकदाच. दुसऱ्या वेळेला खुंटीत जीव राहत नाही. आणि स्पेस जरा दबल्यासारखा लागेल, आधीच सांगतो." सोफा नाही, टोकन नाही, तपासणीचे ५९० नाहीत. काय बिघडेल तेही आधी सांगितलं.

हो, त्याच्याकडे गॅरंटी नाही. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून देतो. माहितीये मला.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी नवा लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ तळावरून बोट फिरवत बसले. चित्र शोधत होते. मग म्हणाले, "पोट कुठंय गं याला?"

मला एकदम कसंतरीच झालं. जुन्या लॅपटॉपवरचं ते चित्र कोणीतरी मुद्दाम काढलं होतं ना. कुठल्यातरी देशात कुठल्यातरी टेबलावर बसलेल्या माणसाला वाटलं होतं की हे कधीतरी कोणीतरी घरी उघडणार, त्याला इंग्रजी येत नसेल, तर त्याला कळलं पाहिजे. ते कळणारा माणूस आमच्या घरी होता. आजही आहे. त्याच्यासाठी चित्र काढणारा उरला नाही.

रिवेटचं म्हणाल तर अप्पांनाच विचारा. एसटीचा पत्रा रिवेटनेच बसतो. वर्कशॉपात गाडी आली की फुटलेल्या पत्र्याचे रिवेट ड्रिलने उडवायचे, तेवढा पत्रा काढायचा, नवा लावायचा, परत रिवेट मारायचे. "पत्रा फाटला म्हणून कोणी गाडी मोडीत काढली नाही," म्हणाले. आणि मग जरा रागाने, जणू मीच बनवलाय लॅपटॉप, "प्लास्टिकला कशाला रिवेट?"

उद्या सकाळी मेट्रोने मंडईला उतरून जाणार आहोत दोघं. अप्पांना रिवेट छाटताना बघायचंय. कथा परवा देते म्हणून संपादकांना कळवलंय, नरयण तोवर थांबेल. दुकानातल्या मुलालाही फोन करून सांगून ठेवलं की वडील येतील, जवळ उभे राहतील, फार प्रश्न विचारतील, राग मानू नको.

म्हणाला, "आणा ताई. स्टूल ठेवतो."