अख्खं मैदान मोकळं होतं ना रे!

काल इकडे न्यू जर्सीत, एडिसनला किराण्याच्या दुकानापाशी मुद्दाम शेवटच्या रांगेत, एकदम कडेला गाडी लावली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. 20 पाउंडांची कणकेची गोणी खांद्यावर मारून तेवढं सगळं चालत परत येतो, तर माझ्या ड्रायव्हरच्या दाराला खेटून तीन रांगांची धिप्पाड एसयूव्ही! मध्ये वीतभर फट. (आमच्या घरीही तसलीच आहे, मीच आणली. गप्प बसा.)

दोन दारांच्या गाडीचं दार केवढं लांब असतं! त्या फटीतून माझा हात जेमतेम गेला असता, पोटाचं सोडाच. शिरलो उजवीकडून. एक पाय गिअरच्या पलीकडे, हँडब्रेक नको तिथे, आणि गुडघा थेट हॉर्नवर. सगळं पार्किंग वळून बघतंय.

"काय रे बाळा, चावी हरवली का?"

सत्तेचाळीस वर्षांचा बाळ मी. "नाही आजी, दार उघडत नाहीये."

"मग चार दारांची घ्यायची!"

झालं. ही 1999 ची होंडा प्रिल्यूड घेतल्यापासून हेच ऐकतोय. आई आली की म्हणते, मागे बसायचं म्हणजे लोटांगणच. सीटबेल्ट इतका मागे की रोज सकाळी तो शोधताना मान धरते. रात्री मागच्या उंच गाड्यांचे दिवे सरळ डोळ्यांत. सिग्नलला कुणीतरी पोरगा इंजिन गुरगुरवून बघणार. अरे, मी दूध आणायला चाललोय! वायपरखाली "विकणार का?" च्या चिठ्ठ्या. आणि गॅरेजवाला! दाराच्या रबराला तीन आठवडे लावले आणि आणलं कुठलं? डाव्या दाराचं. मला उजव्याचं हवं होतं.

वर शहाणे म्हणतात, नवी घे. 2001 ला बंद पडलेली प्रिल्यूड 2025 मध्ये परत आली म्हणे. हायब्रिड. क्लचच नाही! मग मी डाव्या पायाचं काय करू, लोणचं घालू?

पाच हजार आरपीएमच्या पुढे हिचा आवाज बदलतो ना, तो एकदा ऐका, मग बोला. निदान ही गाडी हायवेपर्यंत पोचली तर.

असो. अखेर घामाघूम होऊन सीटवर टेकलो, बेल्ट सापडला, चावी फिरवली. उजव्या काचेवर टकटक. परत आजी.

"बाळा, कणीक टपावर राहिली."