‘टायर बदलल्यानं मीटरला काही होत नाही’ म्हणे!

पोळ्यापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. माझ्याकडेच चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं असं: स्पीडचं मीटर इंजिनवर चालतं. टायर एक साईज मोठा टाकला तरी त्यात फरक पडत नाही. पडलाच, तर कंपनीचं मीटर तसंही जास्त दाखवतं, म्हणजे उलट ते बरोबर होतं. मोटारसायकलचं चेन-सॉकेट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं, बदललं तर मात्र मीटर हमखास चुकतं. आणि चुकलंच तर सुई काढून थोडी पुढं बसवा, पन्नास रुपयांचं काम. खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

मी किलोमीटरच्या भाड्यानं बोलेरो चालवतो. मीटर हीच माझी तराजू, म्हणून हे लिहितो आहे.

मीटर इंजिनवर चालतं म्हणणाऱ्यानं गाडी डबल स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये रेस करून बघावी. इंजिन बोंबलेल, स्पीडची सुई शून्यावरच राहील. आता केबलवाल्या स्प्लेंडरचं पुढचं चाक उचला आणि हातानं गरगर फिरवा, सुई थरथरेल. जुन्या महिंद्रा जीपची केबल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्यातून, निघते, नव्या गाड्यांत चाकाजवळ नाहीतर गिअरबॉक्सवर सेन्सर असतो. रस्ता कोणत्याच मीटरला दिसत नाही. ते फेरे मोजतं, आणि एका फेऱ्याला किती रस्ता धरायचा हे कारखान्यातच ठरलेलं असतं.

फरक किती पडतो? माझ्या गाडीला २१५/७५ आर १५ टायर होते, मी २३५/७५ टाकले. पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत भिंतीची उंची शेकडा ७५, आणि १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. जुन्या टायरची भिंत १६१.२५, दोन्हीकडची मिळून ३२२.५, म्हणजे उंची ७०३.५ मिलिमीटर. नव्याची तशीच काढली तर ७३३.५. फरक ४.३ टक्के. मीटरवर ८० तेव्हा चाकं ८३ च्या पुढं पळतात.

कागदावर माझा भरवसा बसेना, म्हणून टायर बदलायच्या आधी अंगणात मोजलं. खर्‍याच्या पुडीतला चुना टायरला एका जागी जाड लावला आणि गाडी हळूहळू पुढं घेतली. जमिनीवर पांढरे ठिपके उमटत गेले. पहिल्यापासून पाच फेऱ्यांचा टेप लावला तर १० मीटर ५५ सेंटिमीटर. नव्या टायरनं तेच ११ मीटर १५ भरलं. शेजारचे काका कठड्यावरून पाहत होते. म्हणाले, “कायले चुना वाया घालून राह्यला बाप्पा, मीटर काय चुन्यावर चालते?” पण चुन्यानंच एक गोष्ट दाखवली: फरक ४.३ नाही, साडेपाच टक्क्यांच्या वर निघाला. कारण जुने टायर घासलेले होते. टायर घासला की उंची घटते, आणि मीटर तेवढं जास्त दाखवायला लागतं. म्हणजे कंपनीच्याच साईजचे टायर नवे टाकले तरी आकडा थोडा हलतोच.

‘कंपनीचं मीटर जास्तच दाखवतं’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की सुईनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त मात्र एक दशांश अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. खरा वेग ८० असेल तर ९२ पर्यंत. म्हणून कारखाने सुई मुद्दाम थोडी पुढंच ठेवतात. पण ही सूट सुईची आहे, गाडी किती किलोमीटर धावली हे मोजणाऱ्या आकड्याची नाही. मेसेजवाला इथंच घसरला.

मी सरळ रस्त्यावर सुई ६० वर धरून किलोमीटरचे पाच दगड मोजले. बायकोच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. पाच किलोमीटरला ४ मिनिटं ५३ सेकंद, म्हणजे खरा वेग ६१.४. सुईचं भागलं म्हणा. पण त्याच पाच किलोमीटरला आकडा सरकला फक्त ४.८. सर्व्हिसिंगला १०,००० दाखवतं तेव्हा गाडी ४०० हून जास्त किलोमीटर पुढं गेलेली असते. ‘मोठ्या टायरनं मायलेज पडलं’ ही बोंब असते, त्यातलाही काही हिस्सा ह्या न मोजलेल्या रस्त्याचा.

चेन-सॉकेटचं थोडक्यात. केबल पुढच्या चाकातून येत असेल तर मागं कितीही दातांचं सॉकेट टाका, मीटरला पत्ता लागत नाही. सेन्सर गिअरबॉक्सपाशी असेल तरच चुकतं: पुढचं १४ दातांचं काढून १५ चं टाकलं तर मीटर सात टक्के मागं. जीपच्या क्राऊन-पिनियनचंही, म्हणजे ॲक्सलमधल्या दातेरी जोडीचंही, तसंच, केबल त्याच्या आधीच निघते. ५.३८ ची (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) जोडी काढून ४.८८ ची बसवली की मीटरच्या ६० ला गाडी ६६ नं धावते.

आता ती पन्नास रुपयांची सुई. जुन्या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि बारीक स्प्रिंग तिला अडवते. ओटो शुल्झेनं १९०२ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती. सुई पाच घरं पुढं सरकवली तर वीसलाही पाच वाढतात आणि शंभरलाही पाचच. टायरनं होणारी चूक मात्र शेकड्यानं, वेगाबरोबर वाढते. शिवाय किलोमीटरचे आकडे त्याच केबलवर पण वेगळ्या दात्यांनी फिरतात, सुईशी त्यांचं देणंघेणं नाही. खरी दुरुस्ती म्हणजे केबलच्या मुळाशी असलेली दातेरी चकती बदलणं, नाहीतर मध्ये फेऱ्यांचं प्रमाण बदलणारी रेशोची डबी बसवणं. सेन्सरवाल्या गाडीत टायरची साईज नव्यानं भरणं किंवा सिग्नल सुधारणारा छोटा बॉक्स लावणं.

माझं काम अजून व्हायचं आहे. तोवर पेशंट घेऊन सेवाग्रामला गेलो की शंभर किलोमीटरमागं चारेक किलोमीटरचं भाडं मी फुकट सोडतो. हा मेसेज मला सगळ्यात आधी ज्यानं पाठवला, तो माझं महिन्यातून दोनदा येणारं गिऱ्हाईक आहे.