नारळ अजून हातातच

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याने, २०२० साली जीसीसी ४.८ ला नारळ दिला. जीसीसी म्हणजे कम्पायलर, लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा. पुढच्याच वर्षी ४.९ लाही दिला आणि किमान ५.१ ची अट घातली. ते पाहून मलाही स्फुरण चढलं. आमची सी प्लस प्लस लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, एवढीशी. कर्नलला जमतं ते मला का जमू नये? तो नारळ अजून माझ्याच हातात आहे.

हा ४.८ कम्पायलर २०१३ चा. सी प्लस प्लस १४ या भाषेच्या नंतरच्या आवृत्तीतलं 'मेक युनिक' हे फंक्शन त्याला ठाऊक नाही, म्हणून ते आम्ही हाताने लिहून दिलं. त्याचा राग नाही. येत नाही ते येत नाही म्हणतो, बरं असतं. पण त्याचं रेजेक्स, म्हणजे मजकुरात पॅटर्न शोधायची सोय! तिची हेडर फाइल आहे, सगळी नावं जागच्या जागी, कोड विनातक्रार कम्पाइल होतो. 'हो हो, झालंच' म्हणून मान डोलावणाऱ्या माणसाने कामाला हातही लावलेला नसावा, तसं प्रोग्राम चालवल्यावर कळतं की आत बहुतेक काही लिहिलेलंच नाही. ते ४.९ मध्ये लिहिलं गेलं. मला हे कळायला दोन रात्री लागल्या. त्या दोन्ही रात्री मी माझ्याच पॅटर्नमधल्या एकेका बॅकस्लॅशची उलटतपासणी घेत होतो.

सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टिमवर हाच कम्पायलर येतो आणि त्या सिस्टिमची मुदत ३० जून २०२४ ला संपत होती. मी १ जुलैची वाट पाहिली. सकाळी लायब्ररीतून ४.८ चा सपोर्ट काढला, दुपारी लायब्ररी वापरणाऱ्या एका गृहस्थांचा ईमेल. 'आमच्या सर्व्हरला हात लावायची परवानगी नाही, पण तुमची नवी आवृत्ती तातडीने हवी आहे.' अकरा वर्षांचा कम्पायलर हलवायचा नाही आणि लायब्ररी मात्र कालची ताजी पाहिजे, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

सपोर्ट परत घातला. तडजोड म्हणून ४.८ दिसला तर नुसती वॉर्निंग द्यायची ठरवलं: 'पुढच्या आवृत्तीपासून सपोर्ट बंद.' त्यासाठी आणखी एक इफडेफ, म्हणजे 'अमुक असेल तरच हा कोड घे' अशी अट, लिहिला.

दोन दिवसांनी त्याच गृहस्थांचा ईमेल. त्यांच्याकडे प्रत्येक वॉर्निंगला एरर मानतात, तेव्हा बिल्ड फुटलं, म्हणजे प्रोग्राम तयारच होईना, कृपया वॉर्निंग काढावी.

काढली. इफडेफ तेवढा राहिलाय. त्याच्या पोटात काही नाही, पण उडवायची हिंमत होत नाही.