एक लाखाचा दंड नेमका कुणाला? होमस्कूलिंगच्या फिरत्या मेसेजला उत्तर

जून जवळ आला की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: "महाराष्ट्रात होमस्कूलिंग बेकायदेशीर आहे. सहा ते चौदा वयाचं मूल घरी शिकवलंत तर आरटीईखाली गुन्हा आणि एक लाखाचा दंड. अशा मुलांना दहावीला बसता येत नाही. कायदा केंद्राचा आहे, राज्य काही करू शकत नाही, आमदारांना भेटून उपयोग नाही. शहाणे असाल तर ओळखीच्या शाळेत नाव टाकून ठेवा आणि गप्प राहा. जनहितार्थ पुढे पाठवा."

एक लाखापासून सुरुवात करू, कारण घाबरवण्याचं काम तोच आकडा करतो. तो कायद्यात आहे, पण पालकांसाठी नाही. शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 18 मध्ये मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे आणि तरीही शाळा चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. कलम 13 मध्ये डोनेशन उकळणाऱ्या आणि प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेणाऱ्या शाळांना दंड आहे. (त्या कलमाचा मेसेज मात्र कुणी जनहितार्थ फिरवत नाही.) पालकांबद्दलचं कलम 10 अगदी छोटं आहे: मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य. ते पाळलं नाही तर शिक्षा काय, याबद्दल या अधिनियमात चकार शब्द नाही. सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ कलम 8 मध्ये दिलाय, आणि तिथे जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे: शिक्षण मोफत द्या, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करा.

तरीही कलम 18 होमस्कूलिंगवाल्यांनी दोनदा वाचावं. समजा गंगापूर रोडच्या एखाद्या बंगल्यात सहा-सात घरांची मुलं रोज सकाळी जमतात, पगारावर एक ताई शिकवतात, महिन्याला वर्गणी गोळा होते, दारावर छानशी पाटी लावलेली आहे. आपण त्याला लर्निंग सेंटर म्हणू. शिक्षण विभागाचा अधिकारी त्याला विनामान्यता शाळा म्हणू शकतो, आणि मग तो लाखाचा आकडा खरोखर दारात येतो. स्वतःच्या मुलाला स्वतःच्या घरात शिकवणं वेगळं, इतरांच्या मुलांसाठी पैसे घेऊन वर्ग चालवणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये जे काही चालतं त्याची रेघ कुठे ओढायची, हे कुठेच लिहिलेलं नाही. भीती बाळगायचीच तर या न लिहिलेल्या भागाची बाळगा.

मग होमस्कूलिंग बेकायदेशीर आहे का? तसं म्हणणारं कलम नाही, आणि घरी शिकवायला सर्वसाधारण परवानगी देणारंही नाही. 2012 मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे मंत्रालयाची भूमिकाच डळमळली आणि त्या याचिकेतून ठोस निकाल काही निघाला नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत मिळाला. म्हणजे घरी शिकणं कायद्याला अगदीच परकं नाही, पण बाकीच्यांसाठी त्याने तोंड उघडलेलं नाही. याच्या नेमका उलटा मेसेजही काही उत्साही होमस्कूलिंगवाले फिरवतात, की सगळं शंभर टक्के कायदेशीर आहे, कुणी आलं तर दार उघडू नका. तोही तितकाच बिनबुडाचा आहे. कलम 10 डोळ्यांआड करून वकिली करता येत नाही.

दहावीचं उत्तर सोपं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, वयाची चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना दहावीसाठी नोंदणी देते. तिच्या सार्वत्रिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येईल का, ही शंका बरीच वर्षं कोर्टात लोंबकळत होती. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीही मिटली आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना वाट मोकळी झाली. राज्य मंडळाचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे आणि ते पाचवी व आठवीचीही परीक्षा घेतं. राहिला खासगीरीत्या बसण्याचा फॉर्म नंबर 17. तिथे मात्र शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जे मूल शाळेत कधी गेलंच नाही त्याने तो आणायचा कुठून? 'दहावीला बसता येत नाही' हे खोटं, पण दाखल्याचं त्रांगडं खरं आहे. बाकी ज्या शहरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद मिरवतंय, तिथे घरी शिकलेल्या मुलाला पुढे वाट नाही म्हणायला धाडसच लागतं.

'ओळखीच्या शाळेत नाव टाकून ठेवा' हा सल्ला सगळ्यात वाईट. नाव पटावर आणि मूल घरात, म्हणजे कुणीतरी रोज खोटी हजेरी मांडणार. अनुदानित शाळा असेल तर पटावरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदं ठरतात, पोषण आहाराचा हिशेब होतो. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी (पटावरची मुलं खरोखर वर्गात आहेत का याची तपासणी) झाली होती, आठवत असेल. बोगस पटाची प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. ज्या पालकांनी आजवर कायद्याच्या धूसर भागात पाय ठेवलाय त्यांना हा मेसेज सरळ खोट्या नोंदीत भागीदार व्हायला सांगतो, आणि वर शहाणपणा म्हणून.

राहता राहिलं गप्प बसणं. शिक्षण 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलं, म्हणजे त्यावर केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 38 ने नियम करण्याचा अधिकार राज्याला दिलाय आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये ते केलेही. राज्य काही करू शकत नाही म्हणणाऱ्यांनी 9 फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना आठवावी. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के आरटीई प्रवेशांतून (वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या राखीव जागांतून) सूट, असा नियम राज्याने एका फटक्यात आणला. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, 19 जुलैला नियम रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या बाबतीत तर कोर्टाचीही गरज पडली नाही: एप्रिल आणि जून 2025 चे दोन्ही शासन निर्णय 29 जून 2025 ला मागे घ्यावे लागले. त्यामागे राजकीय पक्ष होते हे खरं, पण शिक्षक आणि पालक आधीपासून बोलत होते हेही खरं.

होमस्कूलिंगवाले थोडे आहेत, त्यांचा मोर्चा निघणार नाही. पण मागणी नीट मांडली तर ऐकून घेतली जाऊ शकते. इथे माझं मत आपल्याच काही मंडळींना रुचणार नाही. 'सरकारने आमच्या घरात डोकावू नये' ही मागणी नाशिक जिल्ह्यात टिकणारी नाही. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची मुलं मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघड झालं, त्यात एका मुलीचा जीव गेला. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करत दारोदार फिरणारे शिक्षक आणि बालरक्षक अशा मुलांसाठी फिरतात. त्यांच्या यादीत आपलं मूलही 'शाळाबाह्य' म्हणून चढतं याचा राग येतो, मान्य. त्यावर उपाय वेगळ्या रकान्याचा आहे. पालकांनी वर्षातून एकदा महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी नोंद करायची, मूल काय शिकतंय ते दाखवायचं, आणि त्या नोंदीवर फॉर्म 17 साठी दाखल्याऐवजी चालेल असं प्रमाणपत्र मिळायचं. राज्याच्या 2011 च्या नियमांत एवढी भर मागितली तरी पुष्कळ झालं.

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करता येते. दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'होमस्कूलिंग कायदेशीर आहे का' असं विचारू नका. अधिकाऱ्याने मत देणं बंधनकारक नाही, अर्ज परत येईल. कलम 10 खाली पालकांवर काय कारवाई झाली त्याच्या नोंदी आणि घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल निघालेली परिपत्रकं मागा. उत्तर 'माहिती निरंक' आलं तर तेही कागदावर आलेलं असेल, आणि तो कागद घेऊन आमदारांकडे जाता येतं. शहरातल्या विधानसभेच्या आमदारांखेरीज नाशिक विभागाला विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे आणि पदवीधर मतदारसंघाचेही आमदार आहेत, आणि शिक्षणावरचा तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) त्यांच्या तोंडी शोभतो. प्रश्न आपणच तयार करून न्यावा, तीन ओळींत, सोबत माहिती अधिकाराचं उत्तर जोडून. हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपूरला असतं आणि तारांकित प्रश्न बरेच दिवस आधी द्यावे लागतात, तेव्हा दिवाळीचा फराळ आटोपून भेट मागायला गेलात तर उशीर झालेला असेल.