‘काली’चा फॉरवर्ड आणि त्यातून गाळलेले वस्ताद

फिलिपिन्सच्या काठी-तलवारीच्या विद्येबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. गोषवारा असा: ही विद्या मूळची भारतातली, कालीमातेच्या नावावरून तिला ‘काली’ म्हणतात; १५२१ मध्ये राजा लापुलापूने तिच्या जोरावर स्पेनतर्फे आलेल्या दर्यावर्दी मॅगेलनला स्वतःच्या हाताने मारलं; मग स्पॅनिशांनी बंदी घातली, लोकांनी ती नाचात लपवून ३३३ वर्षं जपली, आणि आज ती जशीच्या तशी आपल्यासमोर आहे. वाचायला झकास. पण एवढ्या लांबलचक मजकुरात एकाही वस्तादाचं नाव नाही. विद्या आपोआपच टिकली म्हणायची!

आधी मॅगेलन. २७ एप्रिल १५२१ ची माक्तान बेटावरची लढाई आपल्याला कळते ती मुख्यतः आंतोनिओ पिगाफेत्ता या इटालियन माणसामुळे. तो स्वतः त्या लढाईत होता, जखमीही झाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे मॅगेलनचे ४९ जण मांडीभर पाण्यातून किनाऱ्याकडे निघाले आणि समोर दीड हजारांवर माणूस. वरून बाण, दगड, टोक भाजून कडक केलेल्या काठ्या. मॅगेलनच्या पायात विषारी बाण घुसला. हाताला बांबूच्या भाल्याची जखम झाल्यामुळे त्याला तलवार धड उपसताही येईना. मग डाव्या पायावर रुंद पात्याचा घाव बसला, तो पालथा पडला आणि सगळे तुटून पडले. लापुलापूने स्वतः वार केला, असं पिगाफेत्ता लिहीत नाही. लापुलापू राजाही नव्हता, दातू म्हणजे सरदार होता. उथळ पाण्यात अडकलेल्या, चिलखतातल्या मूठभर माणसांना जमावाने घेरणं हा डावपेच उत्तमच होता, पण त्यावरून आजच्या आखाड्यातले डाव १५२१ चे ठरत नाहीत.

भारताचं म्हणाल, तर संबंध आहे आणि तो चांगला जुना आहे. फिलिपिन्सच्या लागुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर चक्क शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन ९००. मजकूर मात्र कर्ज फिटल्याचा. काठी-तलवारीचा त्यात उल्लेखही नाही. ‘काली’ या नावाच्या उगमाबद्दल तिकडच्या जाणकारांतच एकमत नाही; इबानाग आणि पांगासिनान भाषांतली जवळची नावं काहीजण पुढे करतात. आपली देवी त्यात कुणी बसवली, हे फॉरवर्ड करणाऱ्यांनाच विचारावं. शिवाय सेबू बेटावर आखाड्यात जाऊन विचारा, लोक ‘एस्क्रिमा’ म्हणतील. बाकी देशात ‘अर्निस’. ‘काली’ हे नाव जगभर गाजलं ते बरंचसं अमेरिकेतल्या शिक्षकांमुळे.

आता बंदी. १७६४ चा हुकूम म्हणून सांगतात, पण हुकमाचे शब्द कुणी दाखवत नाही. शस्त्रं बाळगण्यावर अधूनमधून निर्बंध आले असतील, वसाहतीचं सरकार ते करणारच. पण सरसकट बंदी असती तर पुढच्या गोष्टींचं काय करायचं? सतराव्या शतकापासून स्पॅनिशांच्या फौजेत पाम्पांगा प्रांताचे स्थानिक शिपाई होते. दक्षिणेकडून गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्यांचे छापे किनाऱ्यावर पडत, तेव्हा सेबूच्या बोल्होओन गावच्या हुलिआन बेर्मेहो या पाद्र्याने टेहळणीचे बुरूज बांधून गावकऱ्यांनाच लढायला उभं केलं. लोक त्याला ‘पाद्री कप्तान’ म्हणत. आणि १८३८ मध्ये मनिलात छापलेल्या बालाग्तासच्या ‘फ्लोरांते आत लाउरा’ या काव्यात कुस्तीबरोबर अर्निसच्या खेळाचा उल्लेख उघड उघड आहे. छपाईवर सेन्सॉर होता त्या काळात! नारळ सोलायला, ऊस तोडायला बोलो हा कोयता घरोघरी लागे तो वेगळाच.

नाचात लपवण्याची गोष्टही याच पठडीतली. ‘मोरो-मोरो’ नावाच्या नाटकांत ख्रिस्ती आणि मुसलमान योद्ध्यांच्या लढाया गावजत्रेत, भर स्टेजवर, चर्चच्या आशीर्वादाने चालत. त्यांत लपवण्यासारखं काय होतं?

गुप्तता मात्र खरीच होती, फक्त तिचं कारण घरचं होतं. विसाव्या शतकातल्या सेबूत वस्ताद एकमेकांपासून डाव लपवत. १९२० मध्ये लाबांगोन फेन्सिंग क्लब निघाला, तो बंद पडल्यावर १९३२ मध्ये सावेद्रा आणि कान्येते घराण्यांच्या पुढाकाराने ‘दोसे पारेस’ हा क्लब उभा राहिला. त्यातून बाहेर पडलेल्या वेनान्सिओ ‘आन्सिओंग’ बाकोनने १९५२ मध्ये बालिन्तावाक रस्त्यावरच्या एका घड्याळाच्या दुकानामागे वेगळा क्लब काढला. पुढे कित्येक वर्षं या दोन गटांच्या शागिर्दांत आव्हानाच्या लढती होत. उद्या ज्याच्याशी भिडायचं त्याला आज डाव कोण दाखवणार?

बाकोनची पद्धत जरा जवळून बघण्यासारखी आहे. एकच काठी, साधारण २८ इंचांची, वेताची. समोरासमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. वस्ताद वार देत राहतो, शागिर्द अडवून लगेच उलटा मारतो, आणि थांबा नाही. रिकामा हात सतत कामाला: समोरच्याची काठी ढकल, मनगट दाब, कोपर अडव. शागिर्दाचं कोपर उघडं पडलं की वस्तादाची काठी तिथे हलकेच टेकते, सूचना तेवढीच. वेत फुटताना बांबूसारखा टोकदार चिरत नाही, नुसते धागे सुटतात. जोरात भिडल्यावर करपल्यासारखा वास येतो. ही पद्धत १५२१ ची नाही. एका बुटक्या, चपळ माणसाने अडचणीच्या जागेत घोटून काढलेली आहे.

म्हणून ‘जशीच्या तशी’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. नेग्रोस बेटावरच्या रेमी प्रेसासचं उदाहरण घ्या. जुन्या तालमीत समोरच्याच्या हातावरच काठी मारत. बोटं सुजायची, पोरं ज्यूदो-कराटेकडे पळायची. प्रेसासने काठीवर काठी मारायला लावलं, वारांना एक ते बारा आकडे दिले आणि ही विद्या शाळेच्या पी.टी.च्या तासाला बसेल अशी केली. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. त्यांचंही अगदी चूक नव्हतं, कारण हातावरचा मार गेला की हात वाचवायची सवयही जाते. पण वर्ग भरले. दोसे पारेसच्या काकोय कान्येतेने तर एस्क्रिमात ज्यूदो आणि जुजुत्सू मिसळून ‘एस्क्रिदो’ केलं. हाच माणूस १९७९ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर स्पर्धेत उतरून जिंकला आणि नव्वदी ओलांडल्यावरही शिकवत होता. २०१६ मध्ये गेला.

तिकडे कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला शेतमजुरी करणाऱ्या फिलिपिनो म्हाताऱ्यांकडे ही विद्या होती, पण ती बाहेरच्यांना शिकवायची नाही असा दंडक होता. एंजल काबालेसने १९६६ मध्ये तिथे सर्वांसाठी खुला वर्ग काढला, तेव्हा आपल्याच माणसांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या पिछाडीला लुझोन बेटाच्या जंगलात काम केलेल्या लिओ गिरॉननेही १९६८ मध्ये जवळच्याच ट्रेसी गावात शिकवायला घेतलं. ब्रूस लीचा शिष्य आणि मित्र डॅन इनोसांटो याच स्टॉक्टनचा. लीच्या चाहत्यांना त्याचं नाव सांगायला नको.

२००९ मध्ये फिलिपिन्सने कायदा करून अर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. तोवर दोसे पारेसला सत्त्याहत्तर वर्षं होऊन गेली होती, आणि बाकोन आणि प्रेसास दोघेही हयात नव्हते.