आधी मंडळी, मग भुकटी

जुलै २०२५मध्ये अमेरिकेने यूएसएडला, म्हणजे परदेशांत मदत वाटणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेला, टाळं लावलं, तेव्हापासून आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या कट्ट्यावर एक काका हळहळताहेत. "आता गरीब देशांतल्या लोकशाहीचं कसं व्हायचं?" औषधं आणि धान्य बंद झालं त्याचं मलाही वाईट वाटतं, तिथे माणसांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. पण लोकशाही त्या पैशावर उभी होती, हे काही पटत नाही.

काबूलची संसद आपणच बांधून दिली की. डिसेंबर २०१५मध्ये मोदींनी जाऊन उद्घाटन केलं. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान आले. इमारत जागच्या जागी, खासदार गायब. झैरेत (आजच्या काँगोत) तर शीतयुद्धात पश्चिमेचा पैसा येत राहिला आणि हुकूमशहा मोबुटू १९६५ ते १९९७ गादीवर. तिजोरी बाहेरून भरत असेल तर राजा रयतेला कशाला विचारतोय?

मग मदत नकोच? तसं म्हणायची सोय नाही, कारण अमूलचं आणंद आपल्यापासून तासाभरावर आहे. १९७०चं ऑपरेशन फ्लड, म्हणजे देशभर दूध वाढवायची योजना, सुरू झालं तेच युरोपातून फुकट आलेल्या दूधभुकटीवर आणि बटर ऑइलवर. ती भुकटी फुकट वाटली असती तर गावातल्या म्हशीवालीचं दूध कोणी घेतलं असतं? योजना चालवणाऱ्या वर्गीस कुरियननी त्या भुकटीचं दूध करून शहरांत विकलं आणि तो पैसा दुधाच्या धंद्यातच घातला. आणि हे जमलं, कारण खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजेच अमूल, १९४६चा. त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव फिरून सभासद आधी जमवले होते. भुकटी आली ती चोवीस वर्षांनी.

माझी आत्तेबहीण पादऱ्याजवळच्या एका गावात दिली आहे. तिच्याबरोबर सकाळी मंडळीवर गेलो होतो. (मंडळी म्हणजे दूध सोसायटी, बडोद्याबाहेरच्यांना वाटतं नाटकाची.) बरणी ओतली, नमुना लावला, पावती आली. पावती बघून ताई तिथेच थांबली. "काल साडेसहा फॅट, आज पाच-आठ? म्हैस तीच आहे भाऊ, परत लाव." मागची रांग खोळंबली, पण कोणी कुरकुरलं नाही. परत लावलं. सहा-तीन.

चेअरमनकीच्या निवडणुकीत काय काय चालतं तेही तिने सांगितलं, ते इथे लिहीत नाही. विधानसभा परवडली. पण सभेत एका म्हशीवालीलाही एकच मत आणि वीस म्हशींवाल्यालाही एकच. येत्या सभेला भावफेर (वर्षाअखेरी दुधावर मिळणारा वरचा पैसा) कमी का आला ते विचारणार आहे म्हणाली. चार बायका बरोबर नेणार आहे.